परब काकूंची स्नॉर्केल टेस्ट

“मेलंय गो, मेलंय!”

परब काकूंनी चौथ्यांदा मास्क ओरबाडून काढला आणि पूलच्या कठड्याला घोरपडीसारख्या चिकटल्या. पाणी छातीएवढं. अंगात लाइफ जॅकेट. बुडायचं ठरवलं असतं तरी बुडता आलं नसतं.

“काय झालं, काकू?”

“श्वास कोंडतो गं. या नळीतून हवाच येत नाही.”

हवा येत होती. ती नळी मी स्वतः धुऊन, तपासून दिली होती. पण घाबरलेल्या माणसाशी वाद घालायचा नसतो. मी त्यांना टॉवेल दिला आणि यादीत त्यांच्या नावापुढे फुली मारली. घाटकोपरच्या पंतनगरहून आलेल्या आठ बायका, आठ फुल्या. झकास!

मी मुंबई ते लक्षद्वीप जाणाऱ्या क्रूझवर स्नॉर्केल गाइड आहे. जहाज बेटापाशी थांबलं की पाहुण्यांना उतरवून फिरवून आणतात, त्याला आम्ही शोर एक्सकर्शन म्हणतो. स्नॉर्केलिंग हा त्यातलाच एक प्रकार. यात खोल जायचं नसतं. डोळ्यांवर आणि नाकावर मास्क, तोंडात नळी, पालथं तरंगायचं आणि खाली बघायचं. पोहता आलं नाही तरी आम्ही चालवून घेतो. तोंडाने श्वास घेता आला नाही तर मात्र नाही. म्हणून आदल्या दिवशी, जहाज भर समुद्रात असताना, पूलमध्ये टेस्ट घेतो. दोन मिनिटं तोंड पाण्यात आणि नळीतून शांत श्वास.

या आठ जणींची पहिली अडचण मास्कची होती. सगळ्यांच्या मास्कमध्ये पाणी शिरत होतं. मी पट्टे घट्ट केले, मास्क बदलले, डोक्याला शॉट झाला. मग बघते तर काय, टिकल्या! मास्कची रबरी कड कपाळाला चिकटून बसायला लागते आणि ती बरोबर टिकलीवर येत होती. एकीची तर खड्याची. “टिकली काढा” म्हटल्यावर सगळ्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी घाईघाईने म्हटलं, “बरं, काढू नका, केसांपर्यंत वर सरकवा.” पाणी थांबलं. श्वासाचं मात्र जमेना. सगळ्या जणी भराभर, उथळ श्वास घेत होत्या. त्यात होतं काय, सोडलेली हवा नळीतच राहते आणि तीच परत आत येते. मग गुदमरल्यासारखं वाटतं. यावर इलाज एकच, श्वास लांब आणि पूर्ण सोडायचा. माझं हे तीन भाषांत सांगून झालं होतं. ऐकतंय कोण?

संध्याकाळी यादी घेऊन मेननसरांकडे गेले. ते आमचे शोर एक्सकर्शनचे मॅनेजर. आडनाव मेनन असलं तरी जन्म आणि शिक्षण मुलुंडचं, मराठी माझ्याहून फर्डं.

“आठही नापास? मग त्यांना काचेच्या बोटीत बसव,” ते म्हणाले. तळाला काच असलेली बोट असते. त्यातून मासे दिसतात, अंगाला पाणी लागत नाही.

“सर, त्यांना पाण्यात उतरायचंय.”

“सगळ्यांनाच उतरायचं असतं, प्रणाली. तिथे बेटाजवळच्या लगूनमध्ये कुणी घाबरून तुझ्या गळ्याला मिठी मारली तर काय करशील?”

बरोबरच होतं त्यांचं. मी काकूंना निरोप द्यायला गेले. वाटलं होतं, भांडतील. त्यांनी डेकवरची शेजारची खुर्ची माझ्यासाठी ओढली.

“माझं माहेर मालवणजवळ,” त्या म्हणाल्या. “घराच्या पायरीपासून समुद्र पन्नास पावलांवर. भाऊ दिवसभर पाण्यात असायचे. आम्ही मुली गुडघ्याएवढ्या पाण्यात तिसऱ्यांचे शिंपले वेचायचो. त्याच्या पुढे गेलं की आईची हाक यायची. बासष्ट वर्षांची झाले. समुद्राच्या पोटात काय आहे ते मला अजून माहीत नाही.”

माझं मूळ गाव माण तालुक्यातलं. तिथे पाणी टँकरने येतं आणि मी पाण्यात नोकरी करते, याचं माझ्या आईला अजून हसू येतं. मी मुंबईत असल्फ्याच्या डोंगरावरच्या वस्तीतून उतरून महापालिकेच्या तलावात पोहायला शिकले तेव्हा मला कुणी हाक मारून मागे बोलावलं नव्हतं. काकूंसाठी मला फार वाईट वाटलं आणि स्वतःचा रागही आला. शिकवणारी मी. आठही नापास म्हणजे नापास कोण?

जेवण झाल्यावर थिएटरमध्ये पाहुण्यांचा कलादर्शनाचा कार्यक्रम होता. जहाजावर करमणुकीच्या वेळी सगळ्यांना हात लावावा लागतो, स्नॉर्केलवालीची सुटका नाही. माझ्याकडे पडदा आणि माइक. आधी एक जादूगार झाला, मग एका काकांचा कराओके. काकांनी सूर सोडला तरी माइक सोडला नाही. मग निवेदकाने पुकारलं, “घाटकोपरचा महिला फुगडी ग्रुप!”

बघते तर माझ्याच आठ नापास बायका. नऊवारी, नथी, टिकल्या परत जागेवर.

आमच्या गावाकडे फुगडी म्हणजे दोघींनी हात धरून गिरकी घ्यायची. यांची कोकणातली, गणपतीतली. गोल धरून वाकायचं, नाचायचं आणि तोंडाने ‘फू... फू’ असा ठेका धरायचा. परब काकू मध्ये उभ्या राहून गात होत्या, बाकीच्या सात जणी ठेका देत होत्या. अर्धा तास! जहाज जरा डुलत होतं, यांचा पाय चुकला नाही. थिएटर नुसतं दणाणून गेलं. मी विंगेत माइक धरून उभी होते आणि माझ्या कानात नुसतं ‘फू, फू’. तोंडाने घेतलेला श्वास. तोंडानेच सोडलेला, लांब, पूर्ण, तालात.

अगं बाई! दुपारभर मी यांना हेच तर शिकवत होते.

पडदा टाकून मी थेट मेननसरांना गाठलं. ते पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होते.

“सर, उद्या सकाळी सातला परत टेस्ट घेते.”

“आठला बोटी सुटतात.”

“पंधरा मिनिटांत होईल.”

“मी स्वतः घड्याळ लावणार. जी नापास होईल ती काचेच्या बोटीत. रडारड नको, त्यांची नको आणि तुझीही नको.”

सकाळी सातला पूल. मी त्यांना जोड्यांनी समोरासमोर उभं केलं. “एकमेकींचे हात धरा. आता कालच्या फुगडीसारखं वाका आणि ठेका धरा. विसरा की पाणी आहे.”

“नळी तोंडात ठेवून?” एकीने विचारलं.

“नळी तोंडात ठेवूनच.”

वाकल्या. चेहरे पाण्यात गेले आणि नळ्यांमधून ‘फू... फू’ सुरू झालं. एका तालात. मेननसरांच्या हातात घड्याळ. एक मिनिट झालं, दोन झाली. तीन झाल्यावर मीच खांद्यांवर थापट्या मारून त्यांना वर काढलं. सातही पास! ओरडा असा झाला की डेक पुसणारे दोघं धावत आले.

आणि परब काकू पुन्हा कठड्याला. “नाही गं जमत.”

यांनाच का जमू नये? मग डोक्यात उजेड पडला. काकू ठेका धरतच नाहीत! त्या गातात. इतकी वर्षं मध्ये उभ्या राहून त्यांनी फक्त गाणं म्हटलंय. गाणारीचा श्वास वेगळा. तिला चटकन घ्यायचा असतो आणि ओळ संपेपर्यंत पुरवायचा असतो.

“काकू, गाणं म्हणा.”

“काय?”

“नळीतून. शब्द नको, नुसती चाल. कालचंच गाणं.”

“चेष्टा करतेस?”

“तुम्ही म्हणा तर खरं. या सगळ्या जणी ठेका देतील.”

मेननसरांनी घड्याळ पुन्हा शून्यावर आणलं. सात जणींनी वर ठेका धरला. मी काकूंचे दोन्ही हात घट्ट धरले. काकू वाकल्या आणि त्या नळीतून असा काही आवाज निघाला की काय सांगू, फेरीवाल्याचा भोंगा बिघडावा तसा. पण चाल ओळखू येत होती. कडव्यामागून कडवं. काकूंच्या हाताची मूठ हळूहळू सैल झाली. दोन मिनिटं झाली, चार झाली. मेननसर तोंडावर हात धरून हसत होते.

“काढ त्यांना बाहेर,” ते म्हणाले, “नाहीतर बोट चुकेल. स्नॉर्केलच्या बोटीत बसव. सगळ्यांना.”

लगूनचं पाणी काचेसारखं. आधी आम्ही उथळात सराव केला, मग प्रवाळाच्या कडेशी गेलो. खाली पिवळे मासे, निळे मासे, एक भलंमोठं कासव निवांत चरत होतं. इतर गाइडांना पाहुण्यांवर सतत नजर ठेवावी लागते. मला काकूंचा पत्ता कानाने लागत होता. गाणं थांबलं की मी मान वर करायची. एकदाच थांबलं, कासव त्यांच्या पोटाखालून गेलं तेव्हा. मी घाबरून जवळ गेले तर काकू तरंगत होत्या, डोळे विस्फारलेले, आणि मग एकदम खालच्या सुरात पुन्हा सुरू झाल्या. मी मास्कमध्ये रडले. मास्कमध्ये रडू नये, काच धुरकटते.

परतायची शिटी झाली. एकेक बाई बोटीत चढली. परब काकू येईनात. मी खूण केली, हाक मारली. शेवटी त्यांनी डोकं वर काढलं आणि नळी तोंडातून काढून ओरडल्या, “बासष्ट वर्षं मी थांबले ना? आता तुझी बोट पाच मिनिटं थांबू दे!”

मेननसर बोटीत होते. त्यांनी घड्याळ बघितलं आणि बोट दहा मिनिटं थांबवली.

आमच्या फॉर्मवर एक रकाना आहे, ‘पोहता येतं का?’ तो आहेच. पण त्या ट्रिपपासून मी टेस्टच्या आधी प्रत्येकाला तोंडी विचारते, “तुम्हाला काय येतं?” बहुतेक जण म्हणतात, काही नाही. मी लिहून घेत नाही. खोटं बोलत असतात.