तुळसाआत्याची थाळी

आमच्या तुळसाआत्याचं तोंड फटकळ, गुडघे कामातून गेलेले, आणि स्वतःच्या पुण्याईवर विश्वास मात्र पक्का. नवरा रुळावर कामाला होता, तो ऐन तिशीत गेला आणि त्याच्या जागी तिला रेल्वेच्या रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये घेतलं. तीस वर्षं दुर्ग लाइनवर तिनं गिट्टी सारली, रूळ घट्ट धरणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकल्या आणि कामचुकार पुरुषांना शिव्या घातल्या. निवृत्तीनंतर मात्र सगळ्यांना ती एकच गोष्ट सांगायची, "माह्या हातानं एक जीव नाही जळला."

त्याचं असं होतं की रुळाकडेचं वाळकं गवत गँग दर फेब्रुवारीत जाळून टाकायची, म्हणजे पुढं उन्हाळ्यात कुठं ठिणगी पडली तर वणवा नको. पहिल्याच वर्षी आत्याला राखेत अर्धवट जळलेली घोरपड दिसली आणि त्या दिवशी तिनं डबा उघडला नाही. दुसऱ्या दिवशी घरून स्टीलची थाळी घेऊन आली. हातात एक जुना बोल्ट धरून थाळी बडवत ती गवतातून पुढं चालली. ससे, मुंगूस, तितर वाट फुटेल तिकडे पळाले. गँगवाले आधी हसले, मग त्यांनाही सवय लागली. आत्याची थाळी वाजल्याशिवाय कोणी काडी ओढेना. आम्ही भाचरं तिला सशांच्या शाळेची घंटा म्हणून चिडवायचो, आणि तिला ते आवडायचं.

आता ती भिलाई-3 च्या टोकाला राहते. घराच्या भिंतीला लागून केवलरामचं तीन एकर धानाचं शेत आहे. केवलराम इथलाच छत्तीसगढी शेतकरी, मोठा सालस माणूस, नवा तांदूळ आधी आत्याच्या घरी आणून देतो. पण धान कापायला हार्वेस्टर यायला लागलं आणि ते गुडघाभर धसकटं तशीच सोडून जातं. आठ दिवसांत हरभरा पेरायचा तर ती जाळण्यावाचून त्याला दुसरं काही सुचत नाही.

मी दुर्गच्या कोर्टात टायपिंग करते, म्हणून मोठ्या ऐटीत सांगितलं की जाळायला बंदी आहे, अर्ज देऊ. आत्यानं मलाच झापलं. म्हणाली, दंड केवलरामला होईल, हार्वेस्टरला कोण विचारतो. तिनं केवलरामशी भांडून पाहिलं, विनवून पाहिलं. शेवटी तो हात जोडून म्हणाला की आधी तू थाळी वाजव, मग मी आग लावीन. आत्याला ते पटलं.

गेल्या मार्गशीर्षात मी तिथं होते. आत्यानं शेतभर थाळी वाजवली. एक ससा उसळून बाहेर पडला, कालव्याकडे धावला. आग लागली. धुराच्या कडेला कोतवाल पक्षी आणि बगळे होरपळलेले नाकतोडे टिपत होते. ससा मात्र पुन्हा पुन्हा आगीकडे यायचा आणि मागं सरायचा. आत्या म्हणाली, वाचला बिचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ससा राखेच्या कडेला तसाच बसलेला होता. गँगमध्ये जाळलेला पट्टा मागं टाकून पुढच्या किलोमीटरला जायचं असायचं. इथं शेत भिंतीलाच लागून. आत्या राखेत उतरली आणि थोड्या वेळानं खालीच बसली. खोलगट जागेत सशाची दोन पिल्लं होती, जळालेली, एकमेकांना चिकटून, कान पाठीवर दाबलेली. पिल्लं जागची हललीच नव्हती.

केवलराम धावत आला. त्यानं पाहिलं आणि हळूच म्हणाला, "दाई, छोटे मन आवाज सुन के अउ दबक जाथें. मैं समझेंव, तोला मालूम हे."

आवाज जितका मोठा, तितकी पिल्लं जमिनीला घट्ट धरून बसतात. त्याला हे लहानपणापासून ठाऊक होतं, आणि आत्यालाही ठाऊक असेल असं तो समजला होता.  आत्या म्हणाली, "तीस वर्षं मी पुढंच चालली वो. मांगं वळून पाह्यलंच नाही." मला रडू आलं, तिला आलं नाही.

त्या दिवसापासून तिनं पुण्याईची गोष्ट सांगणं बंद केलं.

यंदा जाळायच्या दिवशी सूर्य उगवायच्या आत ती शेतात होती. थाळी बांधावर ठेवली आणि वाकून, हातानं एकेक धसकट बाजूला करून बघायला लागली. मीही लागले. धसकटांनी पिंढऱ्या सोलून निघाल्या. एक पिल्लू सापडलं, ते तिनं पदरात घेऊन कालव्याकाठच्या झुडपात ठेवलं. दहा वाजले तेव्हा जेमतेम अर्धा एकर झाला होता. वारा फिरायला लागला होता. तो वस्तीकडे वळला की आग लावता येत नाही, आणि दुपारी पेरणीचा ट्रॅक्टर येणार होता. केवलराम काडेपेटी मुठीत धरून खाली मान घालून उभा होता. त्यानं घाई केली नाही.

आत्यानं उरलेल्या शेताकडे पाहिलं आणि बांधावरची थाळी उचलली.

मी म्हटलं, "आत्या, नको ना वाजवू."

"नाही वाजवली त मोठेबी जळतीन," ती म्हणाली.

थाळी वाजायला लागली. एक ससा निघाला, कालव्यापर्यंत पळाला, आणि तिथं थांबून मागं वळून बघू लागला. आत्यानंही त्याच्याकडे पाहिलं. तिचा हात मात्र थांबला नाही.