वयनीची एजन्सी

मालवणात आमची कुरिअरची एजन्सी आहे. पाटीवर माझं नाव आहे, कंपनीच्या कागदांवरही माझंच. पण ती सुचली वयनीला आणि उभी केलीही वयनीनेच. आता तिथे वयनी नाही. हे कसं झालं ते हल्ली कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते.

वयनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. दादा गोव्याला एका हॉटेलात नोकरीला होता. पंधरा दिवसांनी शनिवारी यायचा आणि सोमवारी पहिल्या गाडीने परत जायचा. लग्नाला सात वर्षं होऊन गेली तरी त्याने तिला तिकडे नेलं नव्हतं. खोली लहान आहे, म्हणायचा. त्यांना मूल नव्हतं. घरात आई, निवृत्त मास्तर असलेले बाबा, वयनी आणि मी. मी तिशी ओलांडलेली, लग्न न झालेली, दहावीच्या शिकवण्या घेणारी. वयनी आंबोलीकडची, शेतकऱ्याच्या घरातली. लग्न होऊन आली तेव्हा किनाऱ्यावर गेलो की समुद्राकडे पाठ करून बसायची. म्हणायची, "सारखो हलत रवता. बघून माका घेरी येता."

एकदा सावंतवाडीच्या एका कॉलेजात माझी मुलाखत ठरली. मूळ प्रमाणपत्र हवं होतं आणि ते विद्यापीठाने कुरिअरने पाठवलं होतं. ते आलंच नाही. चौकशी केली तेव्हा कळलं की त्या कंपनीची सेवा आमच्यापर्यंत नाही, पाकीट कणकवलीच्या ऑफिसात पडून आहे. मी एसटीने जाऊन घेऊन आले, पण मुलाखत आदल्या दिवशीच होऊन गेली होती. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले. वयनी चहा घेऊन आली, माझ्या उशाशी बसली. मग म्हणाली, "मालवणात एवढी माणसा रवतत. सगळ्यांची पाकिटा थयसर पडान रवतत आणि कोण आणीत नाय. आपण आणली तर?"

मी हसले. ती हसली नाही. पुढच्या आठवड्यात ती एकटीच कणकवलीला गेली, दोन-तीन ऑफिसांत विचारपूस केली आणि एका कंपनीचा अर्ज घेऊन आली. अर्जात पदवी विचारली होती. ती बारावी, म्हणून नाव माझं घालायचं ठरलं.

"नाव कोणाचाय असांदे," ती म्हणाली. "फिरूचा आमकाच आसा."

बाबांनी पडवी दिली. आईला ते आवडलं नव्हतं. मास्तरांच्या घरात हमाली कसली, असं ती शेजारणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायची. आम्ही वजनकाटा आणला, जुना संगणक आणला, चिकटपट्टीचे गठ्ठे आणले. कणकवलीहून रोज सकाळी गाडी यायची आणि पडवीत पोती टाकून जायची. मी स्कॅन करायची, नोंदी करायची. वाटायचं काम वयनीचं. त्यासाठी ती चौतिसाव्या वर्षी स्कूटर शिकली, शाळेच्या मैदानावर, पोरं घरी गेल्यावर. दोनदा पडली. दुसऱ्यांदा पडली तेव्हा कोपर चांगलंच फुटलं होतं. मी म्हटलं, राहू दे आता. तिने पदराने रक्त पुसलं आणि म्हणाली, "आजच्या दिवसाचा पडणा झाला. आता पडूचंय नाय." आणि खरंच पडली नाही.

आमच्याकडचे पत्ते म्हणजे गंमतच. नाव, वाडी, तालुका मालवण, संपलं. एका वाडीत एकाच आडनावाची पंधरा घरं, त्यात एकाच नावाचे तिघे. वयनीने एक वही केली होती. त्यात रस्त्यांची नावं नव्हती. "पिंपळाकडसून उजवीकडे, निळो दरवाजो." "कुत्रो आसा, चावणा नाय." "आवशीक ऐकाक येणा नाय, मागच्या दारान जावचा." कंपनीचा एक साहेब कणकवलीहून पाहणीला आला होता, त्याने ती वही चाळली आणि मोबाइलवर तिचे फोटो काढून नेले.

उन्हाळ्यात आंब्याच्या पेट्या जायच्या, वर्षभर कोकम, काजू, मसाला. एकदा मसाल्याचं पार्सल पोत्यात फुटलं आणि आम्ही दोघी शिंकत शिंकत प्रत्येक पाकीट फडक्याने पुसत बसलो. पडवीतून जाणारा प्रत्येक माणूस शिंकायचा आणि वयनी हसून हसून जमिनीवर बसायची. तेवढं हसताना मी तिला त्या घरात कधी पाहिलं नव्हतं.

देवबागला ती आठवड्यातून तीनदा जायची. एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र, मधे एकच अरुंद रस्ता, त्यात पर्यटकांच्या गाड्या. तिथे एक म्हातारी एकटी राहायची. तिचा मुलगा बोटीवर नोकरीला होता आणि कुठून कुठून तिला औषधं, स्वेटर, पाय शेकायचं यंत्र असं काहीबाही पाठवायचा. वयनी तिथे बसून पार्सल उघडून द्यायची, औषध कधी घ्यायचं ते वाचून दाखवायची. माझं संगणकावर लक्ष असायचं की एका पार्सलला इतका वेळ का लागतो. मी तिला बोललेही आहे त्यावरून.

खरं सांगायचं तर मला आणखीही काही खुपायचं. फोन वाजला की पलीकडचं माणूस विचारायचं, "वयनी आसा?" मी म्हणायची, बोला, मीच बोलतेय एजन्सीतून. तर म्हणायचे, "नको, वयनीकच सांगतंय." पाटीवर माझं नाव होतं, पण सगळ्या तालुक्याला एजन्सी म्हणजे वयनी. मी हसून फोन तिच्याकडे द्यायची. मनातून हसत नव्हते.

तिसऱ्या वर्षी दादा एका बुधवारी आला. त्याचा वार नव्हता. वयनी पार्सलं घेऊन बाहेर गेली होती. तो पडवीत खुर्चीवर बसला आणि आई-बाबांना बोलावून घेतलं. आमच्या घरात सगळे मालवणीत बोलतात, दादाही. त्या दिवशी तो ऑफिसात बोलावं तसं शुद्ध मराठीत बोलला.

"मला वेगळं व्हायचं आहे. रीतसर. तिकडे मी एकीबरोबर राहतो. आम्हाला मूलही आहे, एक वर्षाचं."

बाबांनी डोळे मिटून घेतले. आई रडायला लागली. खूप रडली, आणि मग पदराने नाक पुसत तिने विचारलं, "मुलगो काय चेडू?"

दादा म्हणाला, "मुलगा."

गोष्ट कुठल्या बाजूने जाणार ते मला तेव्हाच कळलं.

थोड्या वेळाने वयनी आली. हेल्मेट हातात होतं, कपाळावर त्याचा वळ होता. दादाने तिलाही तेच सांगितलं, त्याच भाषेत. ती उभी राहून ऐकत होती. रडली नाही, भांडली नाही. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "तुमच्या झिलाचा नाव काय ठेवलास?"

दादाने सांगितलं. तिने मान हलवली.

मग दादाने पुढचं सांगितलं. कायद्याने जे द्यायचं ते तो देईल. पण तिने आता माहेरी जावं. तिने रोज या पडवीत बसायचं आणि गावाने येता-जाता बघायचं, हे बरं दिसणार नाही. एजन्सी बहीण चालवेल, तिचीच आहे.

बाबांनी डोळे उघडले. मास्तर होते ते; निकाल देण्याआधी विचारायची त्यांना सवय होती. माझ्याकडे वळून म्हणाले, "एजन्सी तुझ्या नावार आसा. तू काय म्हणतंस?"

वयनीने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

मी टेबलापाशी उभी होते. वजनकाट्याच्या कडेला चिकटपट्टीचा तुकडा चिकटला होता, तो मी नखाने काढत होते. तुकडा निघाला तरी मी नख घासत राहिले. बोलायला वेळ होता. मला कुणी घाई केली नव्हती. आपलं या घरात स्थान ते काय, दादा उद्या मलाही जा म्हणेल, ही भीती होती. पण तेवढंच नव्हतं. मनाच्या एका कोपऱ्यात असंही आलं की आता फोन आला तर लोक मला विचारतील.

मी काहीच बोलले नाही.

वयनीने आणखी थोडा वेळ वाट पाहिली. मग हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवलं. "आजची चार पाकिटा रवली आसत," ती म्हणाली. "तेवढी देवन येतंय."

ती चारही पाकिटं देऊन दिवेलागणीला परत आली आणि पोचपावत्या माझ्या टेबलावर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गेली. मी स्टँडपर्यंत येते म्हटलं तर म्हणाली, "गाडी येतली इतक्यात, पोती कोण उतरून घेतला?" स्कूटरची चावी आणि वही टेबलावर होती.

मग मीही स्कूटर शिकले. वहीतलं वाचत वाचत घरं शोधली. जिथे जाईन तिथे पहिला प्रश्न, "वयनी खंय?" मी सांगायची, "माहेराक गेली." काहींनी तेवढ्यावर सोडलं. काहींना बातमी आधीच कळलेली असायची. ते सही करायचे आणि दार लावून घ्यायचे. देवबागच्या म्हातारीने पार्सल माझ्या हातातून घेतलं आणि ओट्यावर ठेवलं. मी म्हटलं, उघडून देऊ का. "रवांदे," ती म्हणाली. "वयनी इली काय उघडीन." पुढच्या वेळी गेले तेव्हाही ते तसंच होतं, त्याच्या शेजारी मी दुसरं ठेवलं.

मी वयनीला फोन करायची. ती एकदाच बोलली, "कामात आसंय गो," आणि ठेवला. पुढे घटस्फोट झाला. दादा बायको-मुलाला घेऊन घरी यायला लागला. मुलगा गोड आहे, पडवीतल्या खोक्यांत लपून बसायचा. त्याचा काय दोष?

दीड वर्षाने मी एजन्सी घरातून हलवली. बाजारात एक गाळा घेतला भाड्याने. वकिलाकडून कागद करून घेतले, भागीदारीचे, निम्मी मी आणि निम्मी ती. ते घेऊन आंबोलीला गेले. धो धो पाऊस होता, धुक्यात रस्त्याची पलीकडची बाजू दिसत नव्हती. तिच्या भावाचा रस्त्याच्या कडेला चहाचा, मक्याच्या कणसांचा स्टॉल आहे. ती निखाऱ्यांवर कणसं भाजत होती. मला बघून दचकली नाही. बाक पुसून दिला, चहा दिला. केस पुढून बरेच पांढरे झाले होते.

मी कागद पुढे केले. तिने ते उभ्याउभ्याच वाचले, सगळे, शेवटच्या पानापर्यंत.

"वयनी, त्या दिवशी मी बोलूक व्हया होता," मी म्हटलं.

ती कणीस फिरवत म्हणाली, "मी तुझ्याकडे काय मागूक नाय गो. तू 'रव' म्हटला असता तरी मी रवलंय नसतंय. त्या घरात काय म्हणान रवतलंय? पण तू म्हणूक व्हया होता."

"माका भीती वाटली."

"कसली?"

तिच्यासमोर खोटं बोलणं जमलं नाही. "लोक तुकाच इचारीत. माका कोण इचारीत नाय होते. वाटला, तू गेलंस तर..."

एक गाडी थांबली. तिने दोन कणसांना लिंबू-मीठ लावून दिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ता माका म्हायत होता."

तिने कागदांची नीट घडी घातली, भिजू नयेत म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घातले, पिशवीला गाठ मारली आणि माझ्या हातात दिले. "तुझा चांगला चलला, चलांदे. माझा आता हयसरच बरा आसा." त्यात राग नव्हता. राग असता तर मी आणखी थोडं बसले असते, काही बोलले असते. एसटी आली. "सावकाश जा," ती म्हणाली आणि कंडक्टरने घंटी मारायच्या आधीच निखाऱ्यांकडे वळली.

घरी पोचले तेव्हा आई स्वयंपाकघरात नारळ खवत होती. मी ओल्या कपड्यांनीच दारात उभी राहिले.

"ती खंय जावची नाय," मी म्हटलं.

आईने वर पाहिलं. "कोण?"

"वयनी. बाबांनी माका इचारला तेव्हा ह्या म्हणूक व्हया होता मी. एवढाच."

आई माझ्याकडे बघत राहिली. "आता कित्याक सांगतंस?" ती हळूच म्हणाली, आणि मान खाली घालून पुन्हा खवायला लागली. करवंटीतलं खोबरं संपलं होतं तरी तिचा हात थांबला नव्हता.