रिलीव्हरचे डोळे

आधी ताईचं सांगते. मोशीत आमच्या खोलीच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी, फिजिक्समध्ये पीएचडी करणारी ताई. ती नसती तर मी तेव्हाच परभणीची गाडी धरली असती.

चाकणच्या कंपनीत मी रिलीव्हर. लाइनवरची कुठलीही बाई पाणी प्यायला, लघवीला उठली की तिच्या जागी बसायचं, तिचाच सेफ्टीचा चष्मा लावायचा, तिचेच हातमोजे घालायचे. पावसाळ्यात माझे डोळे आले. मग अर्ध्या लाइनचे आले. लगेच ठरलं, हिनंच गावाकडून आणलं. अरे, मी दिवाळीपासून गावाला गेलेच नव्हते! खोलीतल्या पोरींनी माझं अंथरूण जिन्यात टाकलं. ठेकेदार म्हणाला, "उद्यापासून येऊ नको." आठवीत शाळा सुटलेली मी, काय बोलणार? अजून आठवलं की अंगाची आग होते.

जिन्यात ताईनं विचारलं, "तू कुणाकुणाच्या जागी बसतेस?"

"सगळ्यांच्याच."

तिनं फरशीवर खडूनं एकेका बाईचं टिंब काढलं, कोण कुणाच्या जागी बसतं त्याच्या रेघा जोडल्या. सगळ्या रेघा माझ्या टिंबाला. "पाणी उकळतं तेव्हा एखाद्या थेंबाला धरून मारतो का आपण? आम्ही फिजिक्सवाले अख्ख्या गर्दीचा हिशोब मांडतो. शरीरातल्या पेशी असोत नाहीतर फोनवरच्या अफवा, ज्याला जास्त रेघा त्याच्यापर्यंत आधी पोचतं. तू आणलं नाहीस गं. त्यांचं तुझ्यापर्यंत आलं."

सकाळी ती माझ्यासोबत ठेकेदाराकडे आली. हेच सगळं सांगितलं. तो हसला. "म्हणजे मॅडम, हिच्यातूनच सगळीकडे जातं ना? मग हिलाच काढलं की झालं!"

तिचंच शहाणपण माझ्यावर उलटवलं मेल्यानं! मला रडू फुटलं. ताई भडकली. "दुसरी बसवाल, तिचेही डोळे येतील. जागा तीच ना? हिला स्वतःचा चष्मा द्या, हातमोजे द्या. एवढं जड जातंय?"

"फिजिक्स कॉलेजात शिकवा, मॅडम."

"शिकवते की. आधी कंपनीच्या सेफ्टीवाल्यांना शिकवून येते." ती उठली, तसा तोही उठला.

"बसा हो, बसा." मग माझ्याकडे न बघताच, "डोळे बरे झाले की ये."

चष्मा मिळाला. माफी कुणीच मागितली नाही. पोरी तर, काही झालंच नाही अशा, माझ्या डब्यातलं लोणचं मागतात. देते. पण मी घास गिळताना त्यांच्याकडे बघत नाही.

ताईला तिच्या पीएचडीसाठी कामगारांत फिरून कोण कुणाला भेटतं ते विचारायचंय, पण कंपन्या गेटवरूनच परत पाठवतात. ताई, एक दिवस मी तुम्हाला वस्तीतल्या दारोदारी नेईन, एकेका बाईला तुमच्याशी बोलायला बसवीन. तुमचे उपकार मी ठेवून घेणार नाही.