कपाटाच्या जागी

काटे तपासणाऱ्याचा सगळा संसार सात किलोंचा होता, आणि हे तो अंदाजाने सांगत नसे. कारखान्यांतले, गोदामांतले वजनकाटे बरोबर चालतात की नाही हे बघत गावोगाव फिरणं ही त्याची नोकरी. त्यामुळे दर रविवारी तो स्वतःची पाठपिशवीही काट्याला टांगायचा. दोन पँटी, तीन शर्ट, एक ताटली, एक पेला, उड्या मारायची दोरी आणि व्यायामाचा रबरी पट्टा. नवा शर्ट आला की जुन्याने गेलंच पाहिजे. सोबतच्या लोकांनी त्याचं नाव ‘सातकिलो’ पाडलं होतं आणि त्याला ते मनातून आवडायचं. अकरा वर्षं परक्या खोल्यांत काढली, पण पठ्ठ्याने पोट सुटू दिलं नाही. गुडघे काटकोनात वाकवून, खुर्ची नसताना खुर्चीवर बसल्यासारखा तो चार मिनिटं टिकायचा. आपल्याला कशाचंच ओझं नाही, असं तो कुणी विचारलं नसतानाही सांगायचा. आता ते वाक्य आठवलं की त्याला कानकोंडं होतं.

त्याची थोरली बहीण, ताई, हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला होती आणि घरी बाबांना सांभाळायची. तिच्या लेकीचं बाळंतपण दुसऱ्या गावी निघालं, तेव्हा तिने फोन करून विचारलं, नऊ दिवस बाबांजवळ राहशील का? तो आला. बहीणभावांची भेट बस स्टॉपवर पाच मिनिटं झाली. गोळ्या कधी, दूध कुठून, एवढं सांगून ती गाडीत चढली. आणखी काहीतरी सांगायला तिने खिडकीतून तोंड बाहेर काढलं होतं, पण तोवर गाडी सुटली.

घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. आत शिरताच त्याचा जीव घुसमटला. बाबांच्या पलंगापासून गॅलरीपर्यंत सामानाची रांगच लागलेली. आधी आईची शिलाई मशीन, मग एक स्टूल, मग छातीएवढं लाकडी कपाट, आणि ते गॅलरीच्या दाराला जवळपास टेकलेलं. माणसाने चालायचं कुठून? दुसऱ्याच दिवशी त्याने बाह्या सरसावल्या.

बाबा निवृत्त बस कंडक्टर. कपाटात काय आहे, असं त्याने विचारलं.

“काही नाही.”

“मग लागतं कशाला?”

“लागतं रे. असू दे.”

म्हातारपणी वस्तूंत जीव अडकतो, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. त्याने बाबांना तासभर समजावलं. मोकळं घर, मोकळं मन, हलकं शरीर, सगळं झालं. मुलगा दोन वर्षांनी आलाय, त्याच्याशी वाद कशाला, असं बाबांच्या मनात आलं असावं. तुझ्या मनाला येईल ते कर, म्हणाले. संध्याकाळी जुन्या सामानाचा दुकानदार टेम्पो घेऊन आला आणि सगळं घेऊन गेला. काटे तपासणाऱ्याने फरशी पुसली, मधोमध उभं राहून दोन्ही हात पसरले आणि दोनशे उड्या मारल्या. इतका आनंद त्याला कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

त्या दिवसापासून बाबा गॅलरीत गेले नाहीत. रोज संध्याकाळी तिथे बसून खालच्या स्टॉपवरच्या बसगाड्या ऐकायची त्यांची सवय. आता ते भिंतीला हात लावत मोरीपर्यंत जात आणि पलंगावर परत येत, बास. पाय दुखतात म्हणत. मुलाने निदान केलं, मांड्या कमजोर झाल्यात. रबरी पट्टा बाबांच्या घोट्याला बांधून तो रोज सकाळी त्यांच्याकडून पाय उचलून घेऊ लागला. एक, दोन, तीन, शाब्बास बाबा, अजून दोन. बाबा मुकाट्याने पाय उचलत राहिले. पुढे कितीतरी दिवस त्याला दुसरं काही नाही, ते ‘शाब्बास’ छळत राहिलं.

नवव्या दिवशी ताई आली. पिशवी खाली न ठेवता ती दारातच थांबली. तिने रिकामी खोली पाहिली, मग पलंगावर बसलेले बाबा पाहिले.

“हे चालतात कसे?” तिने विचारलं.

आठवडाभर फारसे चालतच नाहीत, पाय दुखतात म्हणतात, पण मी व्यायाम सुरू केलाय, असं त्याने कौतुकाच्या अपेक्षेने सांगितलं.

“त्यांना दिसत नाही रे,” ताई म्हणाली. “दोन वर्षं झाली. उजेड-अंधार तेवढा कळतो. मशीन, स्टूल, कपाट, असा हात टेकत जायचे. मीच लावून दिलं होतं ते.”

मग मला सांगितलं का नाही, असं त्याने विचारलं. उत्तर पलंगावरून आलं. बाबांनीच तिला शपथ घातली होती. पोराचं तिकडे कामात लक्ष लागणार नाही म्हणून.

त्याला तोंडात मारल्यासारखं झालं. दर रविवारी तो व्हिडिओ कॉल करायचा, तोही चालता चालता, दिवसाच्या पावलांचा आकडा कमी पडू नये म्हणून. बाबा आवाजाच्या दिशेने हसायचे. या आठवड्यातही पेपर त्याच्या हातात देऊन म्हणाले होते, तूच वाच, तुझा आवाज ऐकू दे. कुठल्याही काट्यातला पाच ग्रॅमचा फरक ज्याच्या नजरेतून सुटत नाही, त्याला नऊ दिवस बापाच्या समोर बसून हे दिसलं नाही. ताई ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती पातेल्यात चहाचं पाणी मोजत राहिली.

तो धावत दुकानदाराकडे गेला. मशीन आणि स्टूल अजून तिथेच होती. दोन्ही त्याने एकेक करून पाठीवरून तीन मजले वर आणली. कपाट मात्र कुणी बिऱ्हाड हलवणाऱ्याने नेलं होतं, कुठल्या गावी ते दुकानदारालाही ठाऊक नव्हतं. सुताराला माप देऊन नवं करायला टाकलं, तर त्याने पंधरा दिवस सांगितले. काटे तपासणाऱ्याचं तिकीट सोमवारचं होतं, पुढच्या गावचं.

त्या संध्याकाळी बाबा उठले. मशीनवर हात ठेवला, स्टूलवर ठेवला, आणि थांबले. पुढे गॅलरीपर्यंत चार पावलांची मोकळी जागा. हात हवेत फिरला आणि मागे आला. हात धरून नेतो, असं तो म्हणाला, तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. जन्मभर चालत्या बसमध्ये स्वतः दांडा धरून चाललेल्या माणसाला कुणी हाताला धरून नेलेलं नको होतं.

तेव्हा तो जाऊन कपाटाच्या जागी उभा राहिला. त्याचा खांदा उंच पडत होता, म्हणून त्याने गुडघे वाकवले आणि खांदा कपाटाच्या उंचीवर आणला. बाबांचा हात आला. खांदा चाचपला, मान चाचपली, आणि त्याच्यावर भार टाकून ते एकेक पाऊल पुढे गेले. गॅलरीच्या खुर्चीत बसायला त्यांना चार मिनिटांहून बराच जास्त वेळ लागला. त्याच्या मांड्या थरथरत होत्या, पण तो हलला नाही.

खाली एक बस येऊन थांबली, निघाली. बाबा ऐकत होते.

“छान झालं,” ते म्हणाले. रागाने नाही, साधंच. “फक्त कपाट सोमवारी कुठे जात नव्हतं.”

त्याने दाराकडे पाहिलं. त्याची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. बाबांना परत आत न्यायचं होतं, म्हणून तो पुन्हा त्याच जागी जाऊन गुडघे वाकवून उभा राहिला.