वालेंतीने ट्रॅक भिजवला तो रविवार

माझा दीर वालेंती कुर्पिश माती हुंगायचा. मूठभर उचलायची, आवळायची, नाकाशी न्यायची आणि मग कुंपणाच्या फळीवर फेकून मारायची. चिकटली तर "झालं". घसरून पडली तर "अजून दोन टँकर पाणी". त्याच्या बायकोने, देव तिला सुखात ठेवो, एकदा विचारलं होतं, "माझ्या हातच्या जेवणाचा असा कधी वास घेतलास का?" त्याने खरोखर आठवून बघितलं आणि म्हणाला, "नाही." खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नाही. संसारात त्याचा फार तोटा होतो.

आमच्या तोपोलात तेव्हा बिटाचा साखर कारखाना होता. त्याच्या बॉयलरमध्ये कोळसा जळायचा आणि खाली काळी, भोकाभोकांची खडी उरायची. तिला आमच्याकडे झुझेल म्हणतात. ती गाड्या भरून मैदानात नेऊन पसरायची आणि तिच्यावर ब्रेक नसलेल्या मोटारसायकली पळवायच्या, म्हणून खेळाचं नावही झुझेल. बाहेरचं जग त्याला स्पीडवे म्हणतं. चार स्वार, चार फेऱ्या, सगळं डावीकडे वळत. मिनिटभरात शर्यत संपते आणि माणूस पंधरा दिवस तिच्यावर भांडतो.

वालेंती बॉयलरवर होता, म्हणजे झुझेल तोच काढायचा आणि मैदानावर तोच पसरायचा. पुढे त्याला ट्रॅकचंच काम दिलं. चोवीस वर्षं आमचा संघ त्याच्या ट्रॅकवर धावला. संघाच्या नावाचा अर्थ साखरवाले, पण बाहेरगावचे आम्हाला 'बीट' म्हणायचे, कारण आमच्याकडे अडाण्यालाही बीटच म्हणतात. त्यांनी चिडवायला म्हटलं आणि आम्ही छातीवर लावून घेतलं. स्वारांच्या बिनबाह्यांच्या जाकिटांवर लाल बीट मीच शिवायचे. चौथीपर्यंत शिकलेली बाई दुसरं काय करणार, पण बीट मात्र असं शिवायचे की ससा फसावा.

घरच्या मैदानावर आम्ही सहसा हरत नसू, आणि त्याचं कारण मोटारसायकली नव्हत्या. वालेंती ट्रॅक खोल ठेवायचा. वरून भुसभुशीत, बाहेरच्या कडेला घोट्याएवढा. आमच्या पोरांना त्यात कुठे घुसायचं ते ठाऊक होतं, पाहुण्यांना नव्हतं. चाकांमागून माती तिसऱ्या रांगेपर्यंत उडायची. रविवारी चर्चहून येऊन कोंबडीचं शेवया घातलेलं सूप प्यायचं, मॅचला जायचं आणि संध्याकाळी दातात माती घेऊन घरी यायचं.

मग कारखाना बंद पडला. दोन वर्षांनी संघ गेला. मैदानावर दर गुरुवारी जुन्या कपड्यांचा बाजार भरू लागला. ट्रक ट्रॅकवरच उभे राहायचे. वालेंती बाजार उठला की दाताळं घेऊन जायचा आणि पहिलं वळण सारखं करून यायचा.

"कशासाठी करतोस रे?" मी विचारायचे.

"सवय आहे, वहिनी."

"दात घासायची पण सवय लाव."

अशी एकोणीस वर्षं गेली. मग सेव्हेरिन मिझगाल्स्की नॉर्वेहून परत आला. लहानपणी तिकीट न काढता कुंपणावर बसून मॅच बघणारा पोरगा, तिकडे क्रेन चालवून चाळिशीचा झाला होता. आल्या आल्या त्याने जाहीर केलं की संघ पुन्हा उभा करणार. आम्हाला वाटलं, थंडीने डोक्यावर परिणाम झाला. पण त्याने खरंच केलं. सर्वांत खालच्या साखळीत नाव घातलं, पाच स्वार इतर गावांतून मिळवले, एक लॅटव्हियाचा आणला. गॅलरीतली झुडपं तोडली. ट्रॅकवर नवी माती आणली, दगडी बारीक खडी आणि चिकणमाती मिसळलेली, नियमात बसणारी. नगरपालिकेने त्याला एकच हंगाम दिला. गॅलरी भरली तर मैदान संघाचं, नाही तर ती जागा गोदामांना जाणार होती. गोदामांचे नकाशे तयारच होते.

"पहिल्या मॅचला लोक येतीलच," सेव्हेरिन म्हणाला. "उत्सुकता म्हणून येतील. दुसरीला किती येतात त्यावर सगळं आहे." मग वालेंतीकडे वळून म्हणाला, "काका, ट्रॅक कडक ठेवा. टेबलासारखा. आपली पोरं कच्ची आहेत, कोणी पडता कामा नये. आपण हरलो तरी चालेल, पण पंधराच्या पंधरा शर्यती झाल्या पाहिजेत."

वालेंतीने मान हलवली. होकाराला तो अशी हलवतो आणि नकारालाही अशीच.

मॅचच्या आदल्या दिवशी दुपारी तो माझ्याकडे आला. मी शेवटचं बीट शिवत होते. तो उभ्यानेच म्हणाला, "वहिनी, सेव्हेरिन म्हणतो कडक. काय करू?"

"तुला काय वाटतं?"

"लोक कडक ट्रॅकसाठी येत नव्हते. एकामागे एक गाड्या फिरतात, जत्रेतल्या घोड्यांसारख्या. माती उडत नाही, कोणी कोणाला गाठत नाही. असं बघून दुसऱ्यांदा कोण येईल?"

तेव्हा मी सुई दातात धरून म्हणाले, "टेबल बघायला लोक मैदानावर कशाला येतील? टेबल घरी आहे."

मला माझं वाक्य फार आवडलं. तो हसला, बऱ्याच दिवसांनी, आणि सरळ टँकरकडे गेला. शनिवारी संध्याकाळपर्यंत त्याने पाणी मारलं, रविवारी उजाडताच पुन्हा मारलं आणि बाहेरची कड नांगरून काढली. मूठ भरून फळीवर मारली. चिकटली.

रविवारी तीन हजार माणूस आलं. तोपोलाची वस्तीच सात हजार आहे. जुनी निशाणं माळ्यांवरून बाहेर आली होती. काहींना उंदरांनी खाल्लेली भोकं होती, तीसुद्धा लोक अभिमानाने दाखवत होते. माझ्या शेजारी गेर्वाझी बसला होता. याने स्वतःचं लग्नसुद्धा मॅच नसलेला रविवार बघून केलं होतं. त्याने कार्यक्रमपत्रिका मांडीवर ठेवली आणि दोन पेन्सिलींना टोक केलं. प्रत्येक शर्यतीनंतर चौकटीत गुण भरायचे, तीन, दोन, एक, शून्य. पंधरा शर्यतींच्या पंधरा चौकटी. "पेलाग्या," तो मला म्हणाला, "हात थरथरतोय बघ. नवरदेव असताना पण थरथरला नव्हता."

पहिल्या शर्यतीत आमचा लॅटव्हियन पहिल्याच वळणावर रुतला आणि गाडीवरून उडाला. उठला, हात हलवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या शर्यतीत दोघे पडले, एक आपला, एक त्यांचा. त्यांचा लवकर उठला नाही. मग पाहुण्यांचा कर्णधार ट्रॅकवर चालत गेला, टाचेने एक खड्डा केला आणि त्याचा फोटो काढला. खड्ड्यात पाणी होतं.

मला तेव्हा कळलं नाही, वालेंतीला कळलं. नंतर त्यानेच मला सांगितलं. झुझेल पाणी पितो. भोकाभोकांची खडी ती, कितीही ओता, खाली ओढून घेते आणि वर भुसभुशीत राहते. नवी माती दगडाची होती. दगड पाणी पीत नाही. वरची मूठ चिकटली, पण तिच्याखाली नुसतं पिठलं झालं होतं. खेळाचं नाव अजून झुझेल होतं, आणि वालेंतीने त्या नावाला पाणी मारलं होतं.

पंचाने दुरुस्तीसाठी तासभर दिला. वालेंती ट्रॅक्टर घेऊन आत गेला, ओलं खरडून काढायला. दुसऱ्या वळणावर ट्रॅक्टर थांबला, मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि हळूहळू खाली बसली. पार आसापर्यंत. तीन हजार माणसांसमोर तो ट्रॅक्टर गाभण म्हशीसारखा बसला.

 आणि माझ्या शेजारून गेर्वाझी उठून ओरडला, "वालेंती! बीट पेरलेस का रे?"

हशा फुटला. सगळी गॅलरी हसली. खोटं कशाला बोलू, माझ्याही ओठांना हसू आलं, इतकं ते बरोबर बसलं होतं. वालेंतीने इंजिन बंद केलं. उतरला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसला.

पंचाने मॅच बंद केली. चूक यजमानांची, म्हणून चाळीस-शून्य पाहुण्यांना. गेर्वाझीने पत्रिकेच्या चार घड्या केल्या. दोन चौकटी भरलेल्या, तेरा कोऱ्या. मला म्हणाला, "बरं, बघू आता पुढच्या वेळी," आणि निघाला. तो तसं म्हणाला तेव्हाच मला कळलं, हा काही परत येत नाही.

सेव्हेरिन ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ट्रॅक्टरजवळ गेला आणि फक्त म्हणाला, "काका, मी म्हटलं होतं ना." दुसऱ्या मॅचला ट्रॅक करायला त्याने बाहेरचा माणूस बोलावला.

दुसरी मॅच तीन आठवड्यांनी होती. त्या तीन आठवड्यांत वालेंतीने जे केलं ते त्याच्याकडून कोणी अपेक्षिलं नसतं. हा माणूस, जो चार शब्द बोलायला आधी दोन दिवस घेतो, तो दारोदार गेला. कोट घालून, टोपी हातात धरून. मला बरोबर नेलं, कारण दार उघडल्यावर काय म्हणायचं ते त्याला सुचत नव्हतं. बेल वाजवायचा तो आणि बोलायचे मी. मग तो पुढे होऊन म्हणायचा, "चूक माझी होती. संघाची नव्हती. आता ट्रॅक दुसरा माणूस करतोय. या तुम्ही."

सगळे इतके चांगले वागले की मला रडू यावं. कोणी रागावलं नाही. आम्हाला आत बसवलं, केक दिला, आलुबुखाराचं सरबत दिलं. एका घरात तर पिशवीभर लोणची काकडी दिली. "येऊ, येऊ," म्हणाले. "बघू." मागे टीव्हीवर मोठ्या शहरांच्या मॅच चालू असायच्या, मोठे संघ, झगमगते ट्रॅक. वालेंती त्यांच्याकडे पाठ करून बसायचा.

गेर्वाझीचं दार त्याने शेवटी ठेवलं. गेर्वाझीने दार उघडलं आणि कानापर्यंत लाल झाला. "वालेंती, त्या दिवशी मी... तोंडातून निघून गेलं रे."

"बरोबर होतं," वालेंती म्हणाला. "मी पण हसलो असतो, पण मी ट्रॅक्टरवर होतो. रविवारी येशील?"

"अरे, येतो की! नातवाला घेऊन येतो."

बाहेर पडल्यावर वालेंती म्हणाला, "वहिनी, गेर्वाझी येणार म्हणजे त्याची रांग येणार. दहा जण धरा."

एकूण चौऱ्याऐंशी घरं झाली. रविवारी मी गॅलरीत बसून माणसं मोजली, पहिल्या शर्यतीच्या आधी आणि मधल्या सुट्टीत, कारण मला वाटलं माझीच मोजणी चुकली. दोनशे अकरा. त्यात अग्निशामकवाले होते, आणि बारा पाहुण्यांचे. गेर्वाझी आला नाही. त्याची रांग रिकामी होती, तिच्यावर कबुतरं बसली होती.

ट्रॅक टेबलासारखा होता. कोणी पडलं नाही. पंधराच्या पंधरा शर्यती झाल्या आणि आम्ही बत्तीस-अठ्ठावन्न हरलो. वालेंती मागच्या कुंपणाशी उभा होता. आत गेला नाही. तिसऱ्या मॅचला दीडशे माणूस होतं, चौथीला पाऊस होता. सप्टेंबरात नगरपालिकेने कळवलं आणि सेव्हेरिन नॉर्वेला परत गेला. जाण्याआधी मला भेटला. "काकू, ती बीटवाली जाकिटं ठेवून घ्या," म्हणाला. मी ठेवली. त्यांचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही. उबदार आहेत, एवढंच.

गोदामवाल्यांनी मैदानाला पत्र्याचं कुंपण घातलं त्या आठवड्यात वालेंती माझ्याकडे जेवायला आला. उकडलेले बटाटे होते आणि कांदा घातलेला चक्का. तो नुसता ताटात काटा फिरवत बसला. मग म्हणाला, "वहिनी, एक खरं सांगा. पहिल्या दिवशी मी ट्रॅक कडक ठेवला असता, तर लोक दुसऱ्यांदा आले असते?"

मी काय करावं? मला ठाऊक होतं की आले नसते. त्या दिवशी मी त्या तीन हजार तोंडांकडे बघितलं होतं. मयताला येतात तसे ते आले होते, चांगले कपडे घालून, जुन्या ओळखीपाळखी काढायला, आणि एकदाच. गेर्वाझीच्या पेन्सिलींना पुढच्या मॅचसाठी टोक केलेलं नव्हतं. ट्रॅक आरशासारखा असता, आपण कितीही गुणांनी जिंकलो असतो, तरी दुसऱ्या रविवारी गॅलरीत कबुतरंच बसली असती. चौऱ्याऐंशी घरचा केक खाऊन मला एवढं कळलं होतं.

हे त्याला सांगितलं असतं तर त्याच्या डोक्यावरचा दोष उतरला असता. पण मग काय उरलं असतं? एकोणीस वर्षं पहिलं वळण सारखं करणाऱ्या माणसाला सांगायचं, की अरे, तुझी चूक नव्हती, कोणाला नकोच होतं?

"आले असते," मी म्हणाले. "सगळे आले असते. तूच घोळ घातलास, वालेंती."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग हळूच मान हलवली, आणि या वेळी ती होकाराची होती हे मला नक्की कळलं.

"मला वाटलंच होतं," तो म्हणाला, आणि बटाटे खाऊ लागला. दुसऱ्यांदा वाढून घेतले.