कोपरच्या तळ्यातली पांढरी जात

तळ्याच्या पाण्यातला एकपेशीय जीव समोर आला की पहिला प्रश्न विचारायचा, हिरवा की पांढरा? दुसरा, पुढच्या टोकाला चाबकासारखा केस एक आहे की दोन? तिसरा, लाल डोळा आहे की नाही? उत्तरं मिळतील तशी वाट फुटत जाते आणि शेवटी एक नाव हाती लागतं. हे सगळं मी एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला शिकले. तेव्हा मी डोंबिवलीच्या एका शाळेत शास्त्र शिकवत होते आणि जमेल तसा एम.एस्सी.चा प्रबंध लिहीत होते. माझा स्वभाव मुळातच कप्प्यांचा. कुठली वस्तू कुठल्या कप्प्यात जाते हे कळलं नाही की माझं डोकं फिरतं. आई म्हणायची, हिच्या नवऱ्यालाही ही आधी लेबल लावेल.

माझे सर मुंबईच्या कॉलेजात शिकवायचे आणि ठाण्याला राहायचे. दर रविवारी मी त्यांच्याकडे जायची. पुढच्या खोलीत खिडकीपाशी पितळेची दुर्बीण, म्हणजे सूक्ष्मदर्शक. सर त्याला दुर्बीणच म्हणायचे. ठाण्यातल्या तळ्यांचं पाणी ते स्वतः आपल्या मोठ्या काचेच्या बाटल्यांतून आणून ठेवायचे. त्यांचे नियम कडक. बाटलीला साबण लावायचा नाही, सोडा लावायचा नाही, त्याने जीव मरतात. पाण्यात गव्हाचा एक उकडलेला दाणा टाकायचा, बाटली उजेडात ठेवायची आणि पंधरा दिवस तिच्याकडे बघायचं नाही. "घाई असेल त्याने माशा माराव्यात," असं ते म्हणायचे. डोंबिवलीच्या बाजूची तळी माझ्या वाट्याला होती. त्यासाठी बाटल्या माझ्या मी शोधायच्या होत्या, आणि त्या मला घरातच मिळाल्या.

आमच्या घरात तेव्हा एक गोष्ट लपवायची होती. दादाला क्षय झाला होता. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा, मुंबईत एका कचेरीत कारकून. कचेरीत आम्ही कावीळ सांगितली होती, चाळीत पोटाचं दुखणं. मागच्या चाळीतलं एक बिऱ्हाड मालकाने नुसत्या खोकल्यावरून आठ दिवसांत उठवलं होतं, आणि कचेरीत कळलं असतं तर दादाला पुन्हा खुर्चीवर कुणी बसू दिलं नसतं. आमच्या दोन खोल्या. शेजारच्यांच्या आणि आमच्या मध्ये फळ्यांची भिंत. शेजारच्या काकूंनी मिरचीची फोडणी दिली की शिंका आम्हाला यायच्या. अशा घरात खोकला लपवायचा म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. दादा उशीत तोंड खुपसून खोकायचा.

स्ट्रेप्टोमायसिन हे औषध तेव्हा नवं होतं. एक दिवसाआड इंजेक्शन. डॉक्टर कल्याणचे. कंपाउंडर घरी येऊ लागला असता तर चाळभर बोभाटा झाला असता, म्हणून वहिनी चार दिवस कल्याणला जाऊन सुई टोचायला शिकून आली. सकाळी ती स्टोव्हवर सिरिंज उकळायची, मधलं दार लावून घ्यायची आणि इंजेक्शन होईपर्यंत स्टोव्ह तसाच फरफरत ठेवायची. मग रिकामी बाटली माझ्या पिशवीत टाकायची. "वन्सं, लांब कुठेतरी टाका हं," असं दर वेळी बजावायची. केराच्या डब्यात टाकली असती तर झाडणाऱ्या बाईने पाहिली असती.

बोटभर उंचीची, जाड काचेची, रबरी बुचाची ती बाटली. अशी वस्तू फेकून देणारी मी नव्हे. बाटल्या विकत घ्यायला गेले असते तर काखेत कळसा आणि गावाला वळसा झाला असता. मी लेबल भिजवून काढायची, रबरी बूच काढून ठेवायची आणि सरांचा नियम पाळून साबण लावायची नाही. तोंड अरुंद, त्यामुळे विसळायचीही नाही. मग डोंबिवलीशेजारच्या कोपरला जाऊन ड्रॉपरने तळ्याचं पाणी भरायची.

कोपर तेव्हा गावच होतं. तळं ज्या घराचं होतं त्या घराची माणसं पूर्वी मिठागरात राबलेली, आता जमिनीची मालक. त्यांच्यातली एक म्हातारी दर वेळी तळ्यावर भेटायची आणि दर वेळी तेच विचारायची.

"काय गो मास्तरीन, पानी कनाला नेतंस? घरान पानी नाय का?"

"तपासायला नेते, आजी. पाण्यात बारीक जीव असतात."

"आमचे पान्यान काय पन नाय," ती फणकारायची. "आमचा पानी कदी कोनाला बाधला नाय."

तिला वाटायचं मी तिच्या तळ्याला नावं ठेवायला आले आहे. पुढे झालं ते पाहता तिचा राग अगदी बरोबर होता.

दोन महिन्यांनी एका रविवारी त्या छोट्या बाटलीतला थेंब मी सरांच्या काचपट्टीवर ठेवला आणि चक्रावले. समोर तळ्यांत नेहमी सापडणाऱ्या युग्लीनेसारखाच जीव. तोच लांबट आकार, तोच एक चाबूक, अंग आखडत-पसरत चालण्याची तीच तऱ्हा. पण युग्लीना हिरवी असते. ही काचेसारखी स्वच्छ, पांढरी. बरं, पांढऱ्यांचाही एक कप्पा आहे, पण त्या कप्प्यातल्यांना डोळा नसतो. हिला होता, लालभडक. उजेडाकडे बघायला डोळा आहे, आणि उजेडावर जगायला अंगात हिरवं काही नाही. मी अर्धा तास डोकं खाजवलं. मग सरांना हाक मारली.

सरांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "अंधारात ठेवली होतीस का? अंधारात हिरव्या फिकटतात."

"नाही सर, खिडकीत होती."

त्यांनी विश्वास ठेवला नाही. त्यातले काही जीव आपल्या काचेच्या बशीत नव्या पाण्यात घातले आणि तीन आठवडे उन्हात ठेवले. जीव वाढले, दुप्पट-चौपट झाले, पण सगळे पांढरेच राहिले. कोपरच्या पुढच्या तीन बाटल्यांतही तेच. ठाण्याच्या एकाही तळ्यात नाही. सर पंचावन्न वर्षांचे, तीस वर्षं दुसऱ्यांनी ठेवलेली नावं पोरांकडून पाठ करून घेतलेली. त्या दिवशी ते आत जाऊन बायकोला म्हणाले, "अहो, गोडाचं करा." मला फार आनंद झाला, आणि मी ठार आंधळी झाले.

पुढचे दोन महिने सर त्या जातीचं वर्णन लिहीत होते. आकृती त्यांनी काळ्या शाईने पाच वेळा काढली. परदेशातल्या एका तज्ज्ञाला ते सगळं पाठवायचं ठरलं. प्रबंधात माझं एक अख्खं प्रकरण तिच्यावर उभं राहिलं.

याच दोन महिन्यांत दादा घरात वाळत चालला. संध्याकाळचा ताप हटेना. ठाण्याला नेऊन छातीचा फोटो काढला तर फुप्फुसावरचा डाग होता तेवढाच, उलट किंचित मोठा. डॉक्टर चिडले. "चार महिने औषध चालू आहे, मग फरक का नाही? महिन्याभरात उतार पडला नाही तर दवाखान्यात ठेवा. घरी ठेवण्याची जबाबदारी मी घेणार नाही." दवाखाना म्हणजे जगजाहीर. पण त्याहीपेक्षा वाईट म्हणजे, औषध लागूच पडत नसेल तर दवाखान्यात तरी काय वेगळं देणार होते? घरी आल्यावर आई देवापुढे जाऊन बसली. मी दादाच्या नजरेला नजर देऊ शकत नव्हते.

त्याच आठवड्यात सर म्हणाले, "पाठवायला नमुना जास्त लागेल. कोपरचं भरपूर पाणी आण." छोट्या बाटल्यांनी भागणार नव्हतं, म्हणून मी लोणच्याची काचेची बरणी नेली. पंधरा दिवसांनी पाहिलं तर बरणीत हिरव्याच हिरव्या. पांढरी औषधालासुद्धा नाही. सर म्हणाले, ऋतू बदलला असेल. मी मान हलवली, पण मला ते पटलं नाही. कप्प्यांच्या माणसाला एकदा शंका आली की झोप येत नाही. एकच तळं, एकच हात, एकच खिडकी. वेगळी फक्त बाटली.

मी सरांना न सांगता त्याच बरणीतलं हिरवं पाणी दोन ठिकाणी घातलं. एक शाईची जुनी दौत, उकळून घेतलेली. दुसरी वहिनीने त्याच सकाळी दिलेली औषधाची बाटली. दोन्हींत एकेक गव्हाचा दाणा टाकला आणि दोन्ही खिडकीत शेजारी शेजारी ठेवल्या. पंधरा दिवस मी शाळेत फळ्यावर काय लिहीत होते ते मला आठवत नाही. तिसऱ्या रविवारी सर आंघोळीला गेलेले असताना दुर्बिणीखाली पाहिलं. दौतीत हिरव्या. औषधाच्या बाटलीत पांढऱ्या, लाल डोळ्याच्या.

म्हणजे नवी जात वगैरे काही नव्हती. काचेला चिकटून राहिलेल्या औषधाने साध्या युग्लीनेचं हिरवेपण कायमचं पुसलं होतं. आमच्या घरातल्या रोगावरच्या औषधाने तयार केलेली जात मी सरांच्या हातावर ठेवली होती, आणि ते तिला नाव देत होते.

गप्प बसावं असं मला वाटलं नाही असं म्हणणार नाही. चांगला पाऊण तास वाटलं. सांगायचं तर बाटली कसली हे सांगावं लागणार, बाटली कसली हे सांगितलं की दादा उघडा पडणार. सरांच्या घरात लहान नातवंडं होती, मी त्यांच्या पंक्तीला जेवायची. पण सर टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले आणि त्या आकृतीकडे बघून स्वतःशीच हसले, आणि ते मला सहन झालं नाही. मी सगळं सांगितलं. बाटल्या, दादा, कावीळ, सगळं.

सर खुर्चीवर बसले. दोन्ही थेंब पाहिले. मग वर्णनाचे कागद उचलून नीट जुळवले आणि टेबलाच्या खणात ठेवले. मी रडायच्या बेतात होते. ते रागावतील, निदान उठून आत जातील असं मला वाटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. दुर्बिणीकडे बघतच विचारलं, "किती महिने इंजेक्शनं चालू आहेत?"

"पाच."

"आणि उतार नाही?"

"नाही."

"अगं, मग हे एवढं औषध बाटलीत कसं उरलं? ते त्याच्या अंगात जायला हवं होतं ना?"

पुढे मला कळलं की बाटलीत थोडं औषध नेहमीच उरतं आणि एवढ्याशा पाण्याला ते पुरतं. म्हणजे सरांचा तर्क काही पक्का नव्हता. पण प्रश्न बरोबर होता, आणि पाच महिन्यांत तो कुणालाही सुचला नव्हता. मी न जेवता तशीच घरी निघाले.

दुसऱ्या दिवशी इंजेक्शनची पाळी होती. स्टोव्ह पेटला, वहिनी दार लावून घ्यायला लागली तशी मी आत शिरले. ती गोंधळली. तिने बाटलीतल्या औषधाच्या पुडीवर पाणी सोडलं, हलवलं, आणि सिरिंज भरली ती निम्मीच. उरलेलं मोरीत ओतायला ती वळली तेव्हा मी तिचा हात धरला.

"वहिनी, हे दर वेळी?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "पहिल्या आठवड्यात पूर्ण देत होते," ती कुजबुजली. "निम्मं होईपर्यंत सोसतात, मग कळ मस्तकात जाते आणि ओरडतात. स्टोव्हनेही तो आवाज झाकला जात नाही. त्या दिवशी पलीकडून काकूंनी विचारलं, काय झालं म्हणून. मला वाटलं, निम्म्याने थोडं उशिरा बरं वाटेल, एवढंच."

दादा कुशीवर वळून भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याला माहीत होतं की नाही, हे मी त्याला आयुष्यात कधी विचारलं नाही. मला राग आला तो वहिनीचा नाही. आम्ही चौघांनी मिळून त्याचं निम्मं औषध मोरीत ओतलं होतं, आणि ते कशासाठी, तर चाळीत बरं दिसावं म्हणून. मी सिरिंज तिच्या हातातून घेतली, पूर्ण भरली आणि तिच्या हातात परत दिली. "टोच."

तिने टोचली. निम्म्यावर दादा ओरडला. तिचा हात थांबला. फळ्यांच्या पलीकडून लगेच आवाज आला, "अगं बाई, काय झालं हो?"

मी पुढे होऊन स्टोव्ह बंद केला. एकदम शांत झालं. मग मी शाळेतल्या आवाजात, शेवटच्या बाकाला ऐकू जाईल अशी, फळ्यांकडे तोंड करून म्हणाले, "काकू, दादाला टीबी आहे. इंजेक्शन देतोय."

थोड्या वेळाने त्यांचा पलंग भिंतीपासून ओढून लांब नेल्याचा आवाज आला. आई दारात तोंडाला पदर लावून उभी होती. वहिनीच्या हातातल्या सिरिंजमध्ये निम्मं औषध शिल्लक होतं.

दादाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "आता ओरडलं तरी चालेल ना गं?" त्याने विचारलं.

मी हो म्हटलं. पुढचं दीड वर्ष, आधी चाळीत आणि मालकाने उठवल्यावर कल्याणजवळच्या मोहन्याच्या भाड्याच्या खोलीत, तो एक दिवसाआड गाव गोळा होईल इतका ओरडायचा, आणि वहिनी शेवटच्या थेंबापर्यंत हात थांबवायची नाही.