बाबा टूरवर आहेत

कारखान्याच्या गेटबाहेर गाडी रिकामी व्हायची वाट बघत बसलं, की ड्रायव्हर लोकांना दोनच कामं उरतात. झोपणं आणि एकमेकांची खेचणं. आतून नंबर पुकारेपर्यंत किस्से नुसते साचत जातात. आमच्या ट्रान्सपोर्टमध्ये सगळ्यात जास्त किस्से माझ्यावर आहेत. बाकीचे पोट धरून हसतात, मीही हसतो. पण खरं सांगू? आतून लाज वाटते हो!

तर त्याचं असं आहे. पंचेचाळिशीपर्यंत मी अकाउंट्समध्ये होतो. कंपनीने पुण्यातलं ऑफिस गुंडाळलं आणि या वयात मला कोणी दारात उभं करेना. गाडी चालवायची आवड होती. हेवी लायसन्स काढलं आणि ट्रकवर लागलो. बायकोला, वैशालीला, माहीत होतं. मुलीला, ऋचाला, नाही. "तिची बारावी होऊ दे, मग सांगू," असं आमचं ठरलं. बारावी झाली, कॉलेज सुरू झालं, तरी आमचं तोंड काही उघडेना. बाबा लॉजिस्टिक्समध्ये आहेत, टूरवर असतात, एवढंच तिला ठाऊक. कळलं तर ती माझ्याकडे कशी बघेल, या एका भीतीपोटी आम्ही दोघं खोटं बोलत होतो.

*

पहिल्या दिवशी बिबवेवाडीतून नेहमीसारखाच निघालो. इस्त्रीचा शर्ट, पॉलिशचे बूट, खांद्याला लॅपटॉपची बॅग. बॅगेत लुंगी आणि टॉवेल! कात्रजच्या पुढे आमच्या यार्डात पोचलो, तर सलीमभाई टायर ठोकून बघत होते. आमच्यातले सगळ्यात जुने ड्रायव्हर. मला बघून ताडकन उभे राहिले.

"साहेब, गाडीचे सगळे पेपर क्लिअर आहेत!"

"अहो, मी नवीन ड्रायव्हर."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"मग ते बूट काढा आधी. क्लच कळायचा नाही त्यातून."

तेव्हापासून यार्डात माझं नाव साहेबच पडलं.

*

आमच्या सोसायटीत आपटेकाका म्हणून आहेत. रिटायर झाल्यापासून चौकशा करणं हाच उद्योग. एकदा लिफ्टमध्ये गाठलंच मला.

"लॉजिस्टिक्स म्हणजे नक्की काय हो?"

"मटेरियल मूव्हमेंट."

"म्हणजे माल इकडून तिकडे?"

"हो, तसंच काहीसं."

"मग आपण हमाल की ड्रायव्हर?"

ऋचा शेजारीच उभी! माझ्या तोंडून निघून गेलं, "सुपरव्हिजन!"

"अस्सं," काका म्हणाले. "हात बरेच काळे झालेत हो सुपरव्हिजनने."

मी दोन्ही हात खिशात घातले, ते घरात शिरेपर्यंत काही बाहेर काढले नाहीत.

*

वैशालीच्या भाच्याचं लग्न सदाशिव पेठेतल्या एका कार्यालयात होतं. केटररचा टेम्पो दारातच अडकला आणि बाहेर नवरदेवाची गाडी खोळंबली. टेम्पोवाल्याला काही केल्या रिव्हर्स जमेना. मी सिल्कचा कुर्ता घालून लांब उभा होतो. मुद्दाम लांब! पण कधी पुढे गेलो, माझं मलाच कळलं नाही.

"आन दे, आन दे, आन दे... डावी मार, डावी! बस्स!" आणि टेम्पोच्या पाठीवर दणदणीत थाप!

सगळं वऱ्हाड माझ्याकडे बघतंय. साडू म्हणाले, "वा! हे कुठे शिकलात?"

वैशाली अत्तरदाणीत काहीतरी शोधत होती.

"यूट्यूबवर," मी म्हणालो.

"हल्ली काय काय शिकवतात नाही!" म्हणत साडू जेवायला गेले. मला मात्र जिलबी गोड लागली नाही.

*

पुढचा किस्सा बापू स्वतः सांगतो. तो सुरू झाला की मी चहा आणायच्या निमित्ताने उठतो.

बापू नऱ्ह्याचा. लांबच्या ट्रिपला आम्ही दोघं आळीपाळीने गाडी चालवतो. ऋचाचा वाढदिवस होता आणि आम्ही तुमकूरच्या अलीकडे एका ढाब्यावर. घरी सगळे नातेवाईक जमलेले, व्हिडिओ कॉल आला. मागे ट्रक दिसू नये म्हणून मी ढाबेवाल्याच्या कुंड्यांपुढे जाऊन उभा राहिलो. केक कापला, टाळ्या झाल्या, आणि माझ्या खांद्यामागून बापू उगवला. कमरेला टॉवेल, हातात बादली.

"सायेब, नळाला पानी आलं हाय! साबण घिऊन या बिगीबिगी!"

सासऱ्यांनी विचारलं, "कोण हो ते?"

"हॉटेलचा रूमबॉय," मी म्हणालो.

फोन ठेवून वळलो, तर बापू तिथेच. सगळं ऐकलेलं. ज्या माणसाने मला घाटात गाडी उतरवायला शिकवलं, त्याला मी रूमबॉय करून टाकलं! मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हात जोडले.

त्याने बादली भरून माझ्यापुढे आणून ठेवली. "माफी ऱ्हाऊ द्या," म्हणाला. "टिप द्या!"

*

आणि हा गेल्या महिन्यातला.

माल भरून बंगळूरला निघालो होतो. त्या ट्रिपला बापू नव्हता, मी एकटाच. धायरीजवळ हायवे नेहमीसारखा तुंबलेला, गाड्या जागच्या हलत नव्हत्या. सहज डावीकडे बघितलं, तर सर्व्हिस रोडवर चहाच्या टपरीशी ऋचा! चार मैत्रिणी, हातात कटिंग, खिदळणं चाललेलं. तिचं कॉलेज त्याच बाजूला, आणि हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

गळ्यातला गमछा नाकापर्यंत गुंडाळला, गॉगल चढवला आणि सीटमध्ये जमेल तेवढा खाली घसरलो. एवढा थोरला ट्रक घेऊन स्वतःच्या मुलीपासून लपतोय! इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. ऋचा.

"बाबा, कुठे आहेस?"

"हुबळीला. मीटिंगमध्ये आहे गं."

"बरं. जेवलास का?"

"हो, हो. नंतर बोलू या?"

"चालेल," ती म्हणाली. "आणि बाबा, तुझा डावीकडचा इंडिकेटर मघापासून चालू राहिलाय."